खोक्यातून आलेली मोटार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. आपल्या दिग्रसमध्येही पोरेसोरे सजवलेला लाकडी बैल दोरीने ओढत निघतात. बैलाच्या पायाखाली पाटी असते, पाटीला चार चाके असतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही प्रथा आहे. शेतकऱ्याच्या घरी ओढण्याचे बळ म्हणजे बैल, आणि तेच बळ लहान आकारात मुलाच्या हाती दिले जाते. वाहन लहान करून घडवण्याची हौस आपल्याकडे याहूनही फार जुनी आहे. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली झुडपाच्या मुळाशी खणताना काशाच्या काही मूर्ती सापडल्या. त्यांत सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा एक रथ आहे. पुढे दोन बैल आणि वर उभा असलेला सारथी. त्याच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे, पण बरेच अभ्यासक तो साडेतीन ते चार हजार वर्षांमागचा मानतात. त्या काळची लाकडी गाडी कधीच मातीत मिसळून गेली. ती कशी होती हे आज आपल्याला कळते ते या लहान प्रतिकृतीमुळे.

मंडळी, आजचा विषय आहे तो जुन्या मोटारींच्या प्रतिकृतींचा. खोक्यात सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि त्यातून मोटार उभी करायची. पुष्कळांना हा पोरखेळ वाटतो. परंतु या छंदाचा इतिहास पाहिला, तर त्यात आपल्या मोटार उद्योगाचाही इतिहास दिसतो.

आधी खेळणे आणि प्रतिकृती यांतला फरक पाहू. खेळण्यात मोटारीसारखे काहीतरी असले की पुरते. प्रतिकृतीत प्रमाण पाळावे लागते. १:२४ याचा अर्थ खऱ्या गाडीचे चोवीस सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर होतात, म्हणजेच एका फुटाला अर्धा इंच. आपली जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, सुमारे ३.९ मीटर लांब होती. १:२४ प्रमाणात ती सव्वासोळा सेंटिमीटरची होते. १:४३ प्रमाणात ती नऊ सेंटिमीटरची होते आणि तळहातावर मावते. हा ४३ आकडा आला खेळण्यातल्या आगगाडीवरून. इंग्लंडमध्ये एका फुटाला सात मिलिमीटर धरून आगगाड्या बनवत. त्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी हव्या होत्या, म्हणून त्याही त्याच मापात आल्या.

प्लास्टिक येण्यापूर्वी हे काम लाकडात चाले. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. नकाशावरून नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची प्रतिकृती हाताने घडवायची, अशी ती स्पर्धा. पुढे मुलांनी स्वतःच्या कल्पनेतल्या मोटारीचा नमुना करावा, असे ठरले. बक्षीस म्हणून महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च मिळे. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. १९४७ साली तिथे बक्षीस मिळवलेला चक जॉर्डन नावाचा मुलगा पुढे त्याच जनरल मोटर्सच्या आरेखन विभागाचा प्रमुख झाला. मुलांच्या छंदात कारखान्याला उद्याचे कारागीर दिसत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक स्वस्त झाले. पोलादी साच्यात ते वितळवून दाबले की एका दट्ट्यात सांगाड्यासकट सगळे भाग बाहेर पडतात. अमेरिकेत रेव्हेल, इंग्लंडमध्ये एअरफिक्स अशा कंपन्यांनी १९५० च्या दशकात जुन्या मोटारींचे संच बाजारात आणले. फोर्डची मॉडेल टी, वाफेवर चालणारी स्टॅनले, सुरुवातीच्या रोल्स-रॉइस अशा त्या गाड्या. आजोबांच्या तरुणपणीच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा होत होत्या, आणि नातवंडे त्या टेबलावर पुन्हा जोडत होती.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात मोटारी तयार होऊ लागल्या त्याही अशाच खोक्यांतून. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला. बोटीतून लाकडी पेटारे येत आणि त्यांतल्या सुट्या भागांतून शेव्हर्ले मोटारी जोडल्या जात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातही आरंभी डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जोडणीच होत असे. महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावला विलीज जीप जोडायला घेतली, तीही सुट्या भागांतूनच. म्हणजे मुलगा टेबलावर जे करतो, तेच काम मोठ्या मापात मुंबईत चालले होते.

नुसती जोडणी पुरेशी नाही, हे सरकारच्या लवकरच ध्यानात आले. ज्यांना इथे भाग घडवायचे नाहीत त्यांनी गाशा गुंडाळावा, असे धोरण १९५३ मध्ये ठरले. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. प्रीमियरने फियाटचे आणि हिंदुस्तान मोटर्सने मॉरिसचे साचे घेऊन भाग इथे बनवायला सुरुवात केली. मॉरिस ऑक्सफर्डची झाली अॅम्बॅसिडर, आणि ती २०१४ पर्यंत बनत राहिली. इंग्लंडमध्ये तो आकार कधीच जुना झाला होता.

गंमत अशी की खेळण्यातल्या मोटारींच्या बाबतीतही तेच घडले. इंग्लंडच्या डिंकी कंपनीचे वापरून झालेले साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि ‘निकी टॉइज’ या नावाने धातूच्या मोटारी इथे ओतल्या जाऊ लागल्या. डिंकीची ट्रायम्फ हेराल्ड इथे स्टँडर्ड हेराल्ड झाली. कारण मद्रासच्या कारखान्यात खरी हेराल्डही त्याच नावाने बनत होती. मोठा साचा आणि लहान साचा दोन्ही एकाच वाटेने आले.

जोडणीच्या संचांचे नशीब मात्र इतके चांगले नव्हते. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची संख्यात्मक बंधने उठली. तोवर असे खोके बहुधा परदेशातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून येई. तालुक्याच्या गावी ते कुठून दिसणार? तिथल्या पोरांनी दुसरी वाट धरली. काडेपेटीची मोटार, तारेची मोटार, झिजलेल्या स्लिपरमधून गोल कापलेली चाके. आज काही तरुण सनबोर्डातून हुबेहूब एसटी बस करतात, तीही त्याच वाटेवरची पुढची पायरी. परदेशातला मुलगा आधी जोडायला शिकला आणि मग घडवायला. आमच्या मुलाने घडवण्यापासूनच सुरुवात केली. त्याच्याकडे कमी होती ती मापाची. अंदाजाने केलेली गाडी देखणी होते, पण पन्नास वर्षांनी ती पाहणाऱ्याला खरी गाडी कशी होती ते सांगू शकत नाही.

माप घेतले की इतिहास कसा उलगडतो, याचे एक उदाहरण देतो. जपानच्या तामिया कंपनीचा विलीज जीपचा संच १:३५ प्रमाणात मिळतो. जीप जोडून साडेनऊ सेंटिमीटरची होते. ही महायुद्धातली जीप. आपल्या भागात वर्षानुवर्षे धावली ती महिंद्राची सीजे-३बी. एकीची दुसरी करायची, तर काय काय बदलावे लागते पाहा. पुढच्या जाळीतल्या नऊ फटींच्या जागी सात करायच्या. आत दबलेले दिवे मोठे करून बाहेर काढायचे. दोन तुकड्यांची पुढची काच एकसंध करायची. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे न्यायचे. आणि बॉनेट काही मिलिमीटर उंच करायचे. बॉनेट उंच का? कारण युद्धानंतरच्या नव्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. ते जुन्या बॉनेटखाली बसेना. ही माहिती पुस्तकात वाचली तर विसरते. कानस हातात घेऊन बॉनेट वाढवले की जन्मभर लक्षात राहते.

रंगकामात आपले गॅरेजवाले उत्तम गुरू ठरतात. लांबी भरणे, पाणी लावून पॉलिश पेपरने घासणे, प्रायमर, मग पातळ हात. क्रम तोच. फक्त गॅरेजमधला ड्यूको थेट प्लास्टिकवर मारू नये, त्यातले थिनर प्लास्टिक खाते. विदर्भात काळी-पिवळी म्हटले की प्रवासी जीपच डोळ्यांपुढे येते. ती करायची, तर आधी पांढरा हात द्यावा, त्यावर पिवळा आणि शेवटी पट्टी चिकटवून काळा. पिवळा रंग झाकण्यात दुबळा असतो, काळ्यावर तो चढत नाही. रंगही किंचित फिका घ्यावा, कारण लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतो. आणि आपले हवामान सांभाळावे. मे महिन्याच्या दुपारी फवाऱ्यातला रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकतो आणि खरखर येते, म्हणून काम पहाटे करावे. पावसाळ्यात दमट हवेने लॅकरवर पांढुरकी झाक चढते, तेव्हा थांबलेले बरे.

आता मुद्द्याचे. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस टिकल्या आहेत, त्यांच्या मिरवणुका निघतात. साधी माणसे ज्या गाड्यांतून गेली, त्या मात्र भंगारात जात आहेत. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. दिग्रसहून दारव्ह्याला, पुसदला माणसे कोंबून नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या, बाजाराला कापूस नेणारे मेटॅडोर, लाल एसटी यांची पाळीही तीच आहे. परदेशातल्या कुण्या कंपनीने यांचा साचा करावा, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. संच महागही झाले आहेत. २०२० साली खेळण्यांवरचे आयातशुल्क ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के.

पण मोजपट्टी महाग नाही. गावातल्या एखाद्या गॅरेजच्या मागे किंवा वाड्याच्या पडवीत अशी एखादी गाडी अजून उभी असेल. मालकाची परवानगी घ्यावी. दोन चाकांमधले अंतर, दाराची रुंदी, काचेचा उतार, पाट्यावरची अक्षरे कागदावर उतरवून घ्यावीत, चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला दहा मुलांनी मिळून हे काम केले, तर गणितही होईल आणि इतिहासही. मग ती गाडी पुठ्ठ्यात करा, सनबोर्डात करा किंवा तान्ह्या पोळ्याचे बैल करणाऱ्या सुताराकडून लाकडात करून घ्या. माप खरे असले म्हणजे झाले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)