हाली सिक्का आणि आदिलाबादचे गोंड

निजाम राजवटीत आदिलाबाद जिल्ह्याच्या सरहद्दीवर दोन नाण्यांचा व्यवहार चाले : राज्याचा स्वतःचा 'हाली सिक्का' आणि वर्धा-पैनगंगेपलीकडील इंग्रजी मुलखातील 'कलदार'. शंभर कलदार म्हणजे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, असा साधारण हिशेब होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हाली रुपयावर चारमिनार झळकू लागला. या नाण्याची सुबकता व त्यामागील राज्याची प्रतिष्ठा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तेच नाणे उटनूर-आसिफाबादच्या डोंगरात पोहोचल्यावर काय घडले, याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष कमी गेले.

गोंडांना पैसा अगदीच अपरिचित होता असे मानणे चूक ठरेल. हा प्रदेश चांद्याच्या गोंड राजांच्या प्रभावाखाली होता, आणि मीठ-कापडासाठी बाजार करावाच लागे. परंतु आपसांतील देणेघेणे ज्वारी, गुरे व श्रम यांवर चाले. वंशपरंपरेने कुळकथा गाणाऱ्या परधानाला यजमान गोंड धान्य वा जनावर देई. ती मजुरी नव्हती, नाते होते. त्याची किंमत रुपयांत ठरत नसे.

शेतसारा मात्र रोखीत द्यावा लागे. त्यात जंगले राखीव झाली आणि फिरती शेती आक्रसली. कसणाऱ्याजवळ पट्टा नसेल तर जमीन कागदावर दुसऱ्याची होऊ लागली. रोख रकमेसाठी शाहूकाराचे दार आलेच. कोमटी, मारवाडी यांच्याबरोबर रोहिले आणि अरबही सावकारी करीत. व्याज हराम मानणाऱ्या समाजातील काही लोक व्याजावरच जगत होते, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनाने झाकून ठेवू नये. बियाण्याचे धान्य सवाई-दिढीने परत करावे लागे. कर्ज फिटले नाही तर माणूसच 'भगेला' म्हणून राबे. 1936 मध्ये सरकारला भगेला करारांवर कायदा करावा लागला, यावरूनच त्या प्रथेची व्याप्ती कळते.

असेच काहीसे नायजेरियातील तीव समाजात घडल्याचे मानववंशशास्त्रज्ञ पॉल बोहॅनन यांनी 1950 च्या दशकात मांडले. तेथे अन्नधान्याची देवघेव वेगळी, पितळी कांब व गुरे यांची वेगळी, विवाहसंबंधांची त्याहून वेगळी. इंग्रजांचा कर आणि नाणे आल्यावर हे सर्व एकाच मापाने मोजले जाऊ लागले. आदिलाबादेत मात्र या मापात जमीनही सापडली, म्हणून येथील जखम अधिक खोल.

1940 मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना चौकशीस पाठविले. 1943 मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, हे मराठीच्या अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावे. 1949 पर्यंत सुमारे 1 लाख 60 हजार एकर जमीन आदिवासींच्या नावे झाली. हिशेब वाचता येणे व पट्टा हाती असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच शाहूकाराच्या वहीला काही उत्तर मिळाले.

ते फार काळ टिकले नाही. पन्नाशीच्या दशकात हाली सिक्का चलनातून गेला. जमिनी मात्र पुन्हा बाहेरच्या शेतकऱ्यांकडे जाऊ लागल्या. त्यांत मराठी मुलखातून आलेलेही होते. आंध्र प्रदेशाचा 1959 चा जमीन हस्तांतरण विनियम 1963 मध्ये तेलंगणास लागू झाला. 1970 च्या दुरुस्तीने असे ठरविले, की अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यातील जमीन, उलट सिद्ध होईपर्यंत, आदिवासीकडूनच आलेली मानावी. पुरावा देण्याचे ओझे प्रथमच कागदवाल्यावर पडले.