ई-२० पेट्रोल आणि जुनी गाडी: टाकी आणि कार्बोरेटर कसे सांभाळाल?

कुरुंदा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं गाव. ऊस, हळद आणि केळीचा हा पट्टा. गावात टोकाई सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे उसापासून इथेनॉल बनतं हे इथे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. पण तेच इथेनॉल पेट्रोलमधून पंधरा-वीस वर्षं जुन्या मोटारसायकलच्या टाकीत गेल्यावर काय होतं? यावर मोबाइलवर दोन टोकांचे मेसेज फिरतात. एक म्हणतो ‘इंजिन संपलं’, दुसरा म्हणतो ‘काहीच होत नाही’.

खरी गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे. जुन्या गाडीला त्रास होऊ शकतो. पण तो बहुतेक वेळा टाकी, रबरी नळी आणि कार्बोरेटरपासून सुरू होतो. त्यातही जास्त नुकसान होतं ते टाकीत पाणी गेल्याने आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिल्याने.

ई-२० म्हणजे काय?

८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. देशात ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते जवळपास सगळीकडे पोचलं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे इंधनाला लागणारे भाग ई-२० ला टिकतील असे असतात. त्याआधीच्या गाड्यांबाबत तशी खात्री धरता येत नाही. आपल्या गाडीला काय चालतं, ते तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावं.

ॲव्हरेजही थोडं कमी होतं, कारण एक लिटर इथेनॉलमधून पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा मिळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के आणि चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के धरली आहे.

टाकीत नेमकं काय होतं?

*पाणी ओढलं जातं.* इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. काही प्रमाणापर्यंत हे पाणी पेट्रोलमध्येच मिसळून राहतं. प्रमाण ओलांडलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन तळाशी वेगळा थर होतो. थंडीत हा थर लवकर पडतो. पेट्रोल कॉक तळातूनच ओढतो, म्हणून गाडी अचानक सुरू होत नाही किंवा झटके देते. लोखंडी टाकीला गंजही याच तळाच्या थरामुळे चढतो.

*रबर फुगतं किंवा कडक होतं.* जुन्या नळ्या, वॉशर, गॅस्केट यांना तडे जाऊन गळती सुरू होते. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर असे भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं होतं.

*जुना गाळ सुटतो.* टाकीच्या आत वर्षानुवर्षं चिकटलेली घाण इथेनॉलमुळे मोकळी होते आणि फिल्टर व कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकते.

विमानवाले काय करतात?

लहान पिस्टन विमानांसाठी वेगळं पेट्रोल असतं, त्याला ॲव्हगॅस म्हणतात. त्यात इथेनॉल नसतं. अमेरिकेत १९८२ पासून काही जुन्या लहान विमानांना गाडीचं पेट्रोल वापरायची परवानगी मिळाली, पण त्यात इथेनॉल नको ही अट होती. जुन्या विमानांच्या टाक्यांचं सीलंट, रबर आणि फायबरच्या टाक्यांची राळ इथेनॉलने मऊ पडू शकते, आणि इंजिन आकाशात बंद पडलं तर बाजूला घेऊन थांबता येत नाही.

पायलटांच्या दोन सवयी आपल्यालाही उपयोगी आहेत. पहिली, उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून पाणी आहे का ते पाहणं. दुसरी, इथेनॉलची चाचणी. खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवायचं आणि थांबायचं. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. ई-२० असेल तर तो दुपटीहून जास्त होतो. ही चाचणी उघड्यावर, आगीपासून दूर करा आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

पाणी घालून इथेनॉल काढता येतं का?

अशा युक्त्या फिरत असतात. घरी करू नका. इथेनॉल निघून गेलं की पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो आणि इंजिन ठोके मारू लागतं. शिवाय पाण्याचा अंश मागे राहतो आणि वाफेमुळे आगीचा धोका असतो.

मग काय करायचं?

१. रबरी नळ्या, वॉशर आणि फिल्टर बदला. नवीन भाग घेताना इथेनॉलला चालणारे आहेत का, ते विचारा.

२. टाकीच्या झाकणाचं रबर तपासा. पावसाचं पाणी इथूनच झिरपतं.

३. गाडी काही आठवडेच उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. आत हवा कमी, म्हणजे ओलावा कमी.

४. काही महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. लोखंडी टाकी वाळवून आतून तेलाचा हात फिरवा.

५. हळदीच्या किंवा उसाच्या शेतात वापरायचा पेट्रोलवरचा फवारणी पंप, ब्रश कटर हंगाम संपला की रिकामा करा आणि उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून मग ठेवा. नाहीतर ऐन फवारणीच्या दिवशी दोरी ओढत बसावं लागतं.

६. टाकीला आतून कोटिंग करायचं असेल तर आधी गंज पूर्ण काढा आणि ते इथेनॉलला टिकणारं आहे याची खात्री करा. न टिकणारं कोटिंग सुटून कार्बोरेटरमध्ये जातं.

७. गाडी पुराच्या पाण्यात गेली असेल तर किक मारू नका. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घरांमध्ये शिरलं होतं. अशा वेळी आधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून घ्या, इंजिन ऑइल तपासून घ्या, मगच गाडी सुरू करा.

यातली बरीचशी कामं नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतात. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल साठून राहत नाही, म्हणून तिला धोका कमी. लक्ष द्यायचं ते शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीकडे आणि कोपऱ्यात पडलेल्या पंपाकडे.