स्पीकरच्या खोक्याची कुळकथा

माळवद उतरवून स्लॅब टाकायची लाट मराठवाड्यात आली आणि अंगणाअंगणांत सागाच्या तुळयांची रास लागली. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा जुन्या देवळांसाठी आणि कोरीव दगडी स्तंभासाठी ओळखलं जातं. पण तिथंही जुनं घर पाडायला काढलेल्या माणसापुढं हाच प्रश्न असतो, की एवढ्या लाकडाचं करायचं काय? घरात गाण्याचा शौकीन पोरगा असला की तो हमखास म्हणतो, स्पीकरचे डबे करू. भुशाच्या फळीपेक्षा साग केव्हाही भारी, मग आवाजही भारीच निघणार! सागाला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण हा हिशेब चुकतो, आणि का चुकतो हे कळायला त्या खोक्याचं कूळ शोधावं लागतं.

आधी खोकं नव्हतंच, भोंगा होता. १९२५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या घडणीचा कागदी शंकूचा स्पीकर जगापुढं मांडला. त्यात एक मोठी अडचण होती. शंकू पुढं सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा कडेनं वळून एकमेकींना गाठतात आणि खर्ज जागच्या जागी मरतो. म्हणून शंकूभोवती रुंद फळी लावली गेली. फळीच्या कडा मागं वळवल्या तेव्हा खोकं झालं. म्हणजे खोक्याचा जन्म आवाज गोड करायला झालेला नाही, मागचा आवाज अडवायला झाला. तंबोऱ्याची तबली गायला हवी, म्हणून मिरजेचे कारागीर तिच्यावर जीव ओततात. खोक्यानं मात्र गप्प बसायचं असतं. सारा घोळ होतो तो या दोन कामांत फरक न केल्यामुळं.

तरी खोकं लाकडाचं झालं, कारण रेडिओ बैठकीत मांडायची वस्तू होती आणि तो कपाट-टेबलांच्या पंगतीत शोभायला हवा होता. ठाण्याच्या कारखान्यात बनलेला मर्फीचा सेट ज्यांच्या घरी होता, त्यांना ते चकचकीत पॉलिश आजही आठवत असेल. त्या काळच्या लाकडी सेटांचं अंग बहुतेक वेळा प्लायवूडचं असे आणि वर चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा. १९५६ साली ऑल इंडिया रेडिओच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साथीनं पुणे, नगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळं भरवली. गावकरी जमून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर बोलत. ग्रामीण महाराष्ट्रात या यंत्राचा मान केवढा होता, हे त्यावरून कळावं.

आता असा एखादा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ फिरवून त्याची पाठ बघा. उष्णता बाहेर जायला भोकं पाडलेली, तपकिरी, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं जाळीचा ठसा असलेली पातळ फळी बऱ्याच सेटांना असते. तो हार्डबोर्ड. तंतूंची फळी आवाजाच्या घरात अशी मागच्या दारानं शिरली. तिचा जन्म १९२४ च्या सुमाराचा. अमेरिकेत मिसिसिपीतल्या लॉरेल गावी विल्यम मेसन यांनी सॉ मिलमध्ये वाया जाणाऱ्या लाकडाच्या चिपा वाफेच्या दाबानं फोडून त्यांचे तंतू केले आणि ते तापत्या प्रेसमध्ये दाबले. एमडीएफ हे तिचं धाकटं भावंड. त्याचा पहिला कारखाना १९६० च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क राज्यात निघाला. लोक त्याला भुशाची फळी म्हणतात, पण तो भुसा नव्हे. चिपा उकडून, चक्क्यांमध्ये दळून तंतू सुटे करतात आणि त्यात राळ मिसळून ते दाबतात. आपल्याकडं त्यासाठी निलगिरी बरीच वापरली जाते.

साग इथं हरतो कुठं? मजबुतीत नाही. तंतूंच्या दिशेनं साग एमडीएफच्या तिपटीहून ताठ असतो. तो हरतो कारण तो हलतो. मे महिन्यात परभणीकडं पारा चाळिशीपार जातो आणि लाकूड कोरडंठाक होतं. मृगाच्या पावसानंतर तेच हवेतला ओलावा पिऊन फुगतं. सागाच्या एक फूट रुंद आडव्या चिरेच्या फळीत ओलाव्याचा सहा टक्के फरक पडला, तर तिची रुंदी तीन-साडेतीन मिलिमीटरनं बदलते. साग कमी हलणाऱ्या लाकडांत मोडतो, तरी एवढं!

जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. वाड्याचं दार जवळून बघा. मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, चारी बाजूंनी जखडलेली नसते. तिला फुगायला-आकसायला जागा ठेवलेली असते, म्हणून ती दारं पिढ्यान्‌पिढ्या तडकत नाहीत. लाकडाची चाल ओळखून त्याला वाट करून द्यायची, ही या कारागिरीतली सगळ्यात मोठी अक्कल, असं मला वाटतं. स्पीकरच्या खोक्यात तीच चालत नाही. तिथं सैल फळी खडखडते, आणि घट्ट चिकटवली तर ऋतू बदलताच सांधा उघडतो नाहीतर चीर जाते. केसाएवढ्या फटीतूनही बंद खोक्यातली दाबलेली हवा फुसफुसते आणि खर्ज गळतो.

बोटाच्या पेरानं ठोकून बघा. सागाची फळी टणकन वाजते आणि तो नाद क्षणभर रेंगाळतो. एमडीएफ ठप्प म्हणून थांबतं. त्याला ना गाठ, ना रेषा. सगळीकडं एकसारखं आणि जड. पण तेही निर्दोष नाही. ताठपणा कमी, म्हणून आत आडवे टेकू द्यावेच लागतात. इंग्लंडात व्हार्फडेलच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी तर प्लायच्या दोन थरांमध्ये वाळू भरून फळी गप्प केली होती. बीबीसीच्या हारवुड आणि मॅथ्यूज यांनी १९७७ च्या अहवालात वेगळीच बाजू घेतली: पातळ बर्च प्लाय वापरा आणि आतून डांबरी थर चिकटवा, म्हणजे कंप लवकर विझतो. मला हा सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो, फक्त त्यात मेहनत फार.

चारठाण्यासारख्या गावी लग्नात आणि गणपतीत वाजणाऱ्या खोक्यांसाठी मात्र एमडीएफ नकोच. टेम्पोत आदळआपट होते, कडेत मारलेला स्क्रू निसटतो, आणि भाद्रपदातल्या एका सरीत कोपरा पाव फुगावा तसा फुगतो. तिथं अठरा मिलिमीटरचं प्लायवूडच हवं. उभ्या-आडव्या थरांनी लाकडाची चाल त्यात आधीच बांधून टाकलेली असते.

घरातल्या कोरड्या खोलीत एमडीएफ खुशाल वापरावं. कापताना तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क लावावा, कारण ती धूळ बारीक आणि राळेची असते. कापलेल्या कडा रंगाआधी सीलरनं बंद कराव्यात. सागाचा देखणेपणा हवाच असेल तर वरून अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा पुरतो. आणि माळवदाच्या त्या तुळया? त्यांचं दार करावं, चौकटीत मधली फळी सैल बसवून.