सावलीत न दिसलेला रोग

३० ऑक्टोबर १९५८. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका २६ वर्षांच्या तरुणाची महाधमनी तपासत होते. नळी सरकली आणि रंगद्रव्य थेट उजव्या हृदयधमनीत गेले. हृदय थांबले. सोन्स यांनी रुग्णाला मोठ्याने खोकायला लावले, तेव्हा ते पुन्हा चालू लागले. या अपघातातून आजची कोरोनरी अँजिओग्राफी जन्माला आली आणि हृदयधमन्यांच्या विकाराचा निवाडा पुढे तिच्याच हाती गेला.

पण अँजिओग्राफी दाखवते ती धमनीतल्या रंगद्रव्याची सावली; भिंत नव्हे. १९८७ मध्ये सीमूर ग्लागॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातील १३६ हृदये तपासली. भिंतीत मेदाचा थर, म्हणजे प्लाक, साचू लागला की धमनी बाहेरच्या बाजूने फुगते आणि रक्ताची वाट बराच काळ मोकळी राहते, असे त्यांना आढळले. रोग भिंतीत, आणि सावली निर्दोष!

याची मोठी किंमत स्त्रियांनी मोजली. छातीत दुखते म्हणून आलेल्या बाईच्या अँजिओग्राफीत मोठा अडथळा न सापडणे पुरुषांपेक्षा अधिक वेळा घडते. मग 'धमन्या स्वच्छ आहेत, काळजी करू नका' असे सांगून तिला घरी धाडले जाई. १९९१ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ बर्नडीन हीली यांनी या वागणुकीला 'येंटल सिंड्रोम' म्हटले. येंटल ही आयझॅक सिंगर यांच्या कथेतली मुलगी. धर्मग्रंथ शिकण्यासाठी तिला पुरुषाचा वेष घ्यावा लागतो. बाईचा हृदयविकारही पुरुषासारखा दिसल्याशिवाय खरा मानला जात नाही, हे हीली यांचे म्हणणे होते.

योगायोग असा, की त्याच वर्षी 'सायन्स' नियतकालिकात प्रकाशकिरणांनी ऊतींचे छेद टिपणाऱ्या ओसीटी तंत्राचा निबंध आला. डोळ्याच्या पडद्याबरोबर त्यात हृदयधमनीच्या तुकड्याचेही चित्र होते. धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी भिंत पाहणारे आयव्हीयूएस थोडे आधीच आले होते. ओसीटीची नजर त्याहून सुमारे दहापट बारीक, १० ते २० मायक्रॉनांची.

या साधनांनी चित्र गुंतागुंतीचे केले. स्त्रियांच्या धमन्या सरासरीने अरुंद, प्लाकही बहुधा कमी. पण कमी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. १९९८ मध्ये अचानक दगावलेल्या स्त्रियांच्या हृदयांचा अभ्यास झाला. तरुण स्त्रियांत प्लाक फुटलेले नसून त्याचा पृष्ठभाग झिजून गुठळी झाल्याचे त्यात प्रामुख्याने दिसले.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेला 'हार्प' अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. हृदयविकाराचा झटका आलेला, पण अँजिओग्राफीत ५० टक्क्यांचाही अडथळा नसलेल्या १४५ स्त्रियांच्या धमन्या त्यात ओसीटीने पाहिल्या. ४६ टक्के जणींच्या भिंतीत झटक्याचे निश्चित किंवा संभाव्य मूळ सापडले. ज्यांची हृदयाची एमआरआयही झाली, त्यांच्यात दोन्ही मिळून सुमारे ८५ टक्क्यांमध्ये कारणाचा छडा लागला. या अहवालात पुरुष नव्हते, म्हणून तुलनेचा दावा त्यावरून करता येत नाही. एवढे मात्र ठरले, की त्या बायकांच्या 'स्वच्छ' अहवालांपैकी जवळपास निम्मे अपुरे होते.