विसावा भाग : चांद्यातील शिक्षणदानाचा उगम

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली व दिली, हे सर्वश्रुत आहे. दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे १५ ऑक्टोबरच्या भाषणात त्यांनी अनुयायांकडून एक मागणी केली होती. तिची चर्चा मात्र त्या मानाने फारच कमी होते. आपल्या मिळकतीचा किमान विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा, अशी ती मागणी होती. त्यानंतर १६ ऑक्टोबर रोजी ते चांद्यास आले आणि तेथेही त्यांच्या हस्ते विशाल जनसमुदायाने दीक्षा घेतली. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशातील बौद्ध समाजाने मुलांच्या शिक्षणासाठी जे निधी व जी मंडळे उभी केली, त्यांचे मूळ आम्हांस या दोन सलग दिवसांत दिसते.

चांद्याच्या सोहळ्याच्या आयोजनाची धुरा बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी वाहिली. १९२५ साली चांद्यातच जन्मलेले राजाभाऊ विलायतेतून बॅरिस्टर होऊन परतले होते. पुढे ते राज्यसभेचे सदस्य झाले आणि १९६९ ते १९७२ या काळात त्या सभागृहाचे उपसभापतीही होते. त्यांच्या राजकीय कारकीर्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मते त्यांच्या शिक्षणविषयक धडपडीची नोंद त्या मानाने त्रोटक राहिली.

दीक्षेनंतर काय घडले, हे समजून घेण्यासाठी कायद्याकडे वळावे लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. परिणामी धम्म स्वीकारणाऱ्या कुटुंबातील मुलाचा, १९४४ पासून सुरू असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवरील हक्कच धोक्यात आला. त्यातच राज्यपुनर्रचना झाली. दीक्षेच्या दिवशी चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. अवघ्या सोळा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू झाल्या. केंद्राने मात्र हा दर्जा १९९० साली दिला. म्हणजे जवळजवळ चौतीस वर्षे एका आईबापाला आपल्या मुलाच्या शिक्षणाचा आणि आपल्या धम्माचा हिशेब एकत्र मांडावा लागला. कागदावर जुनी जात लिहून शिष्यवृत्ती घ्यावी, की बौद्ध लिहून ती सोडावी? हा पेच सोसलेली पिढी अजून आपल्यात आहे.

अशा वेळी विसाव्या भागाची कल्पना केवळ धार्मिक राहिली नाही. शासनाच्या मदतीत पडलेली तूट समाजाच्या दानाने भरून काढण्याचा तो मार्ग ठरला. ही दृष्टी बाबासाहेबांच्याच कार्यात आधीपासून होती. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह चालविले आणि १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. चंद्रपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मेमोरियल सोसायटीने दीक्षाभूमीच्याच परिसरात डॉ. आंबेडकर महाविद्यालय चालविले. ज्या मैदानावर आजोबांनी दीक्षा घेतली, त्याच मैदानाच्या कडेला नातवाने पदवीचे वर्ग करावेत, याचे मोल दगडी स्मारकापेक्षा आम्हांस अधिक वाटते. (दानाची परंपरा या भूमीला नवी नाही, हे भद्रावतीजवळची विजासन येथील बौद्ध लेणी पाहिली की सहज ध्यानात येते.)

परंतु चंद्रपूर शहर म्हणजे सारा प्रदेश नव्हे. वैनगंगेपलीकडचा मुलूख १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा म्हणून वेगळा झाला. तेथे पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की भामरागडसारख्या भागाचा संपर्क तुटतो. गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले तेही २०११ साली. तोवर पदवीच्या परीक्षांचा कारभार नागपूरहून चाले. कोळसा खाणी व बल्लारपूरचा कागद कारखाना यांमुळे चंद्रपूरच्या बाजूस नियमित पगार मिळविणारा वर्ग निर्माण झाला. महिन्याला ठरावीक वर्गणी देणे त्याला शक्य होते. पूर्वेकडील धानशेतीच्या गावांत रोख पैसा धान निघाल्यावर आणि तेंदूपानाच्या हंगामात हाती येतो. म्हणून तेथील दान पायली-कुडवाच्या मापाने यावे, हेच स्वाभाविक होय. पावतीपुस्तकाच्या शिस्तीत न बसणाऱ्या अशा दानाला कमी लेखणारे कार्यकर्ते आम्हांस ठाऊक आहेत. त्यांचे हे मत आम्हांस मान्य नाही.

आज कायद्याचा पेच सुटला आहे, तरी मुले शाळेबाहेर जातातच. धान निघाल्यावर या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात आणि मुलांनाही बरोबर नेतात. वार्षिक परीक्षा याच सुमारास येते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती दहावीनंतर सुरू होते. चौथी-पाचवीत आईबापांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलासाठी त्या तीन महिन्यांत गावातच राहण्याची, जेवणाची व अभ्यासाची सोय लागते. विहाराचे सभागृह आणि वर्गणीतून आलेले धान्य एवढ्यावर ही सोय सुरू करता येते.