किंगरी
परधानांचे पारंपरिक तंतुवाद्य. गोंडांच्या देवगाथा, कुळकथा व वंशावळी गाऊन जतन करणारे परधान चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात व लगतच्या आदिलाबाद भागात आढळतात. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या ग्रंथात (१९१६) किंगरीचे दोन प्रकार नोंदविले आहेत : भोपळ्यातून आरपार घातलेल्या काठीवर एकच तार ताणलेली व बोटांनी छेडली जाणारी, आणि घोड्याच्या केसांच्या तीन तारांची, गजाने वाजविली जाणारी.

छेडलेल्या तारेचा नाद आघातानंतर विरत जातो. तो सलग भासावा, यासाठी जलद व समान आघातांची गरज असते. सतारीवर नखीच्या आतल्या व बाहेरच्या आघातांना अनुक्रमे ‘दा’ व ‘रा’ म्हणतात; गिटारवरही नखी आळीपाळीने खाली-वर चालवितात. त्यामुळे हाताची परतीची हालचाल वाया जात नाही. गजाचा नाद जाता-येता दोन्ही वेळा उमटतो व लांबविताही येतो. म्हणून तो प्रदीर्घ कथागायनास अनुकूल ठरतो.

चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. तथापि परधानांचे गायन यजमान कुळांच्या आश्रयाने टिकून राहिले. १९४० नंतरच्या दशकात हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादेत त्याचा अभ्यास केला. या गाथा मुख्यत्वे मौखिक असल्याने वादकाबरोबर कुळाचा इतिहासही लोपण्याचा धोका असतो.