विजेवर बनलेले खत: एक विसरलेली गोष्ट

लहानपणी आमच्या मोहल्ल्यात वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा. भाता मारून कोळसे फुलवायचा, तापलेल्या पातेल्यात कथील टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने पांढरी पूड घासायचा. भसकन धूर उठायचा, नाकाला झिणझिण्या यायच्या. दादी त्या पुडीला नौशादर म्हणायची, शेजारच्या काकू नवसागर. वस्तू एकच, दोन घरांत दोन उच्चार. उर्दू आणि मराठी शिकवताना मी हे उदाहरण वर्गात नेहमी देतो.

नाकाला झोंबणाऱ्या त्या धुरात अमोनिया असतो. त्याचे नावही नवसागराच्या जुन्या युरोपीय नावावरून आले आणि ते नाव इजिप्तमधल्या आमोन देवाच्या मंदिराशी जोडले जाते. आज जगातले जवळपास सगळे रासायनिक नत्रखत याच अमोनियापासून बनते, आपला युरियासुद्धा.

मागच्या पावसाळ्यात नववीच्या एका मुलाने विचारले, "सर, सोलरच्या विजेवर खत बनणार म्हणतात, खरे आहे का?" त्याच्या घरी भातशेती. सोसायटीत युरिया आला की रांगेत तोच उभा राहतो. मी भाषेचा माणूस, तरी उत्तर शोधायला बसलो आणि विज्ञानाआधी इतिहासच हाती लागला. विजेवर खत बनवणे ही उद्याची गोष्ट नाही. ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाली आहे, आणि आपल्या देशातही झाली आहे.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पिकाला त्याचा उपयोग होत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपची शेती चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्यावर चालली होती. (उर्दूत शोरा, मराठीत सोरा. इथेही तीच गंमत.) १८९८ साली विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने इशारा दिला की हा साठा संपला तर गहू पुरणार नाही, हवेतला नायट्रोजन पकडायला शिका.

पहिले यश विजेने मिळवले. नॉर्वेचे प्राध्यापक क्रिस्तियान बिर्केलांड विजेची तोफ बनवण्याच्या मागे होते. १९०३ साली लोकांसमोर प्रयोग करताना शॉर्टसर्किट झाले, मोठी ठिणगी उडाली आणि तोफ फसली. पण तशाच प्रखर ठिणगीतून हवा नेली तर तिच्यातला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळतात. आकाशात वीज कडाडते तेव्हाही हेच घडते. सॅम आयडे या अभियंत्याच्या साथीने त्यांनी भट्टी उभारली. १९०५ मध्ये नोटोडेन इथे धबधब्याच्या विजेवर कारखाना सुरू झाला आणि 'नॉर्वेचा सोरा' बाजारात आला. कोळसा नाही, तेल नाही. फक्त हवा, पाणी, चुनखडी आणि वीज.

या भट्टीला वीज मात्र भयंकर लागे. तेवढ्यात जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये दुसरी वाट दाखवली: नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली, तापवून, उत्प्रेरकावरून न्यायचे. उत्प्रेरक म्हणजे आपल्याकडची रिश्ते जुळवणारी खाला. दोन घरे जोडून देते आणि स्वतः होती तशीच परत जाते. हाबर यांची 'खाला' ऑस्मियम हा दुर्मीळ धातू होता. आल्विन मिटाश यांनी हजारो प्रयोग करून साध्या लोखंडावर आधारलेला उत्प्रेरक शोधला, कार्ल बॉश यांनी कारखाना उभा केला आणि १९१३ मध्ये ओपाऊ इथे उत्पादन सुरू झाले. ज्याने जगाला भाकरी दिली त्याच हाबरने १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर विषारी वायू सोडण्यात पुढाकार घेतला, हेही मुलांना सांगावे लागते.

जर्मनीत यासाठी लागणारा हायड्रोजन कोळशापासून येई. नॉर्वेने १९२० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही वाटा जोडल्या. ठिणगीची भट्टी सोडली, विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढला आणि तो लोखंडी उत्प्रेरकावर नेला. वीज आणि उत्प्रेरक, दोन्ही एकत्र. आज ज्याला 'हरित अमोनिया' म्हणतात, तो हाच.

साठच्या दशकात हीच पद्धत नव्याने स्वतंत्र झालेल्या दोन देशांनी उचलली. इजिप्तमध्ये नासर यांच्या काळात अस्वानच्या धरणावर वीजघर झाले आणि १९६० मध्ये 'किमा' हा खत कारखाना चालू झाला. पुढच्याच वर्षी पंजाबात भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विजेवर नांगलचा कारखाना सुरू झाला. दोन्हीकडे पाणी फोडून तासाला ३० हजार घनमीटरच्या आसपास हायड्रोजन काढण्याची क्षमता होती. नांगलला त्याच प्रक्रियेच्या जोडीने देशातला पहिला जडपाण्याचा कारखानाही १९६२ मध्ये उभा राहिला. आमच्या रायगडातल्या लोकांना थळचा खत कारखाना परिचयाचा आहे. तो ज्या आरसीएफचा आहे, तिचे मूळ आणि नांगलचे मूळ एकच: जुने फर्टिलायझर कॉर्पोरेशन. १९७८ च्या वाटणीत घरे वेगळी झाली.

मग हे थांबले का? विज्ञान चुकले म्हणून नाही. पंजाबात ट्यूबवेल, गावे, कारखाने वाढले आणि त्याच विजेवर सगळ्यांचा हक्क आला. १९७८ मध्ये नांगलचा विस्तार झाला तो इंधनतेलावर. २०१३ मध्ये तो कारखाना नैसर्गिक वायूवर गेला. अस्वाननेही अलीकडच्या वर्षांत वायूचीच वाट धरली. वायू स्वस्त पडतो, पण त्यातून हायड्रोजन काढताना कार्बन डायऑक्साइड निघतो. शिवाय भारताला हा वायू मोठ्या प्रमाणात जहाजाने आणावा लागतो. आखातात तणाव वाढला की खताची चिंता आपल्या बांधापर्यंत पोहोचते.

आणखी एक गाठ आहे. युरिया बनवायला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि तो वायूच्या कारखान्यात आयता मिळतो. पाणी फोडून तो मिळत नाही. म्हणूनच नोटोडेनचे, अस्वानचे, नांगलचे सुरुवातीचे खत युरिया नव्हते, ते नायट्रेट होते. विजेच्या वाटेने जायचे तर एक तर कार्बन दुसरीकडून आणावा लागेल किंवा शेतकऱ्याला वेगळे खत वापरायला शिकवावे लागेल.

आता प्रयोगशाळांत त्याही पुढची धडपड चालू आहे: दाब आणि भट्टी टाळून, विजेच्या जोरावर उत्प्रेरकापाशीच अमोनिया बनवायचा, किंवा सांडपाण्यातल्या नायट्रेटपासून तो परत मिळवायचा. पण मिळणारा अमोनिया कधी इतका थोडा असतो की हातमोज्यातून किंवा श्वासातून आलेला अमोनियाच मोजला जाण्याची भीती असते. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठेवले.

मी त्या मुलाला फळ्यावर हिशोब करून दाखवला. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र. त्यासाठी सुमारे २५ किलो अमोनिया. विजेवर एक किलो अमोनियाला साधारण १० युनिट. म्हणजे एका गोणीमागे अडीचशे युनिट. युनिटला ३ रुपये धरले तरी नुसत्या विजेचे ७५० रुपये. आपण गोणी घेतो २६६ रुपये ५० पैशांना, कारण उरलेला भार आजही सरकारच उचलते.

मुलगा आकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, एवढे तर आमच्या घराचे दोन महिन्यांचे बिल होते. मग वीज घराला द्यायची की खताला?"

नांगलला हाच प्रश्न पडला होता. तेव्हा वीज धरणापुरती होती, म्हणून खताची माघार झाली. आज उन्हाची वीज स्वस्त होते आहे, पण वाटणीचा प्रश्न संपलेला नाही. ती वाटणी आधी ठरली नाही, तर नांगलची गोष्ट पुन्हा घडेल. "खरे आहे," मी त्याला म्हणालो, "विजेवर खत बनते. पण कोणाच्या विजेवर आणि कोणाच्या पैशावर, हे तुम्ही मोठे झाल्यावर विचारत राहा."